तणसाखालची विहीर

माझ्या मायचा चेहरा तुम्ही कदाचित पाहिला असेल. एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमारास तुम्ही विदर्भातल्या एखाद्या टुरिंग टॉकीजमध्ये बसला असाल आणि खरा पिक्चर सुरू होण्याआधी पाण्याच्या पंपाची एक छोटी फिल्म लागली असेल, तर त्यात पंपाला ओंजळ लावून पिणारी आणि पिता पिता हसणारी जी काळीसावळी बाई होती, ती माझी माय. धुरपता. त्या हसण्यावर म्हणे कंपनीचे पंप धडाधड खपले. खपेनात का. पण ती का हसली, हे त्या फिल्मवाल्यांपैकी एकालाही कळलं नव्हतं, आणि ते सांगितल्याशिवाय मी काही गप्प बसायची नाही.

आमचं गाव कोसमटोली, सानगडीच्या बाजारापासून बैलबंडीच्या वाटेवर. गावाच्या शेवटी आमचा बौद्ध मोहल्ला, त्याला लागून हिरालालशेठचं धानाचं शेत, आणि शेतापलीकडे जंगल. मोहल्ल्याच्या मधोमध विहीर. ती बाबांनी खोदली. एकट्यानं नाही, तेव्हा सहा घरं होती आणि सहाही घरची माणसं राबली, पण पहिली कुदळ बाबांची आणि शेवटचा सुरुंगही बाबांचाच. त्याआधी गावच्या विहिरीच्या दोराला हात लावायची आम्हाला सोय नव्हती. माय नवी नवरी असताना रिकामी घागर घेऊन लांब उभी राहायची. कुणाला दया आली की तो वरून पाणी ओतायचा, नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत तशीच. बाबांना ते बघवलं नाही. दीक्षेच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांनी कुदळ उचलली. खाली काळा खडक लागला. शेवटचा सुरुंग वेळेआधी उडाला आणि बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. पाणी लागलं तेही त्याच सुरुंगानं. कठड्याच्या ओल्या सिमेंटात सहा घरांची नावं लिहिली, ती अजून वाचता येतात.

पुढं एका उन्हाळ्यात गावची विहीर आटली. आमची आटली नाही. मग अख्खं गाव घागरी घेऊन आमच्या मोहल्ल्यात आलं. बाबांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. अट एकच घातली. "पानी पायजे तेवढं न्या. पन दोर आपल्या हातानं ओढा. वरून ओतून कोनाले भेटनार नाई." ज्यांनी कधी आमच्या दोराकडं पाहिलंही नव्हतं, त्यांनी तो दोर ओढला. बाबा तेव्हा कठड्याला टेकून उभे होते आणि मी त्यांच्या मांडीएवढी होते. माणूस उगाच ताठ उभा राहत नाही, त्यामागं काहीतरी उभं असावं लागतं, हे मला तेव्हा कळलं.

अशा गावात अठ्ठ्याहत्तर साली, दसऱ्याच्या थोडं आधी, मुंबईहून एक जीप आली.

जीपमध्ये दाढीवाला एक साहेब होता. त्याचं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण तो सारखा "कट, कट" ओरडायचा म्हणून गावानं त्याला कटसाहेब करून टाकलं. पंपाच्या एका कंपनीनं त्याला फिल्म काढायला धाडलं होतं, आणि सरपंच हिरालालशेठला त्या पंपाची एजन्सी हवी होती, म्हणून मुक्काम आमच्या गावी. कटसाहेबाला एक बाई पाहिजे होती. गावभर फिरून त्याची नजर ठरली ती आमच्या अंगणात विड्या वळत बसलेल्या मायवर. म्हणाला, हा चेहरा बोलतो.

बोलतो म्हणजे काय, माय तर दिवसभर बोलायची.

"मी येतो तुमच्या फोटूत," माय म्हणाली; आमच्याकडं बायाही 'येतो'च म्हणतात. "पन एक अट हाय. आमच्या विहिरीचा फोटू आला पायजे. नावांसकट. आनी बाजूले हे उभे पायजे." तिनं बाबांकडं बोट दाखवलं.

"नक्की, ताई. शब्द देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी ट्रंकेतून पांढरा सदरा काढला. तो फक्त दीक्षाभूमीला जाताना घालायचे. गळ्यापर्यंत गुंड्या लावून विहिरीच्या कठड्याला टेकून उभे राहिले. उन्हं वर आली तेव्हा कटसाहेब येऊन म्हणाला, "आज प्रकाश बरोबर नाही. उद्या घेऊ." बाबांनी सदरा घडी करून ठेवला.

तिकडं मायच्या हातात साहेबानं एक फुटका माठ दिला आणि नाल्याच्या डबक्याकडं बोट दाखवलं. "ताई, इथलं पाणी भरायचं आणि दमल्यासारखं चालत यायचं."

"काहून?"

"पंप यायच्या आधीचं तुमचं जीवन दाखवायचंय."

"पन मी इथलं पानी भरत नाई. आमची म्हैस बी इथलं पीत नाई."

"ते मला माहीत आहे हो. पण बघणाऱ्यांना कुठं माहीत आहे?"

"मंग त्यायले खरं सांगा," माय म्हणाली आणि माठ खाली ठेवून विड्या वळायला निघून आली.

गंमत म्हणजे या साऱ्या टोळीचा चहा आमच्याच विहिरीच्या पाण्याचा व्हायचा. कटसाहेब तर तांब्यावर तांब्या रिचवायचा आणि म्हणायचा, काय गार पाणी आहे, मुंबईला असं मिळत नाही. पाणी पोटात गेलं की विहीर डोक्यातून जात असावी.

मग तो एकाएकी मऊ झाला. म्हणाला, ठीक आहे, तुम्ही नेहमीसारखं राहा, सध्या आम्ही काहीच घेत नाही. यंत्रं दिसेनाशी झाली. बाबा रोज सकाळी सदरा घालायचे, साहेब रोज "उद्या" म्हणायचा. त्याच सुमारास हिरालालशेठच्या शेतात एक मचाण उभं राहिलं. धान पोटरीला आलं होतं, रानडुकरांचे दिवस, कुणाला काही वाटलं नाही. त्या दिवसांत माय घर पोतारायच्या तयारीला लागली. नागपूरला जायच्या आधी आमच्याकडं भिंती पांढऱ्या करायची रीत. शेताच्या बांधाशी पांढऱ्या मातीचा खड्डा होता. माय तिथं बसून पाण्यात माती कालवायची आणि घागर भरून आणायची. एकदा तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला, तर ती तिथंच बांधावर कळवळत बसली.

मचाणाचं कोडं सोडवलं शेजारच्या शकुनबाईनं. ती धान्य पाखडता पाखडता थांबली आणि म्हणाली, "धुरपताबाई, जंगल तं तिकडं हाय. मंग ह्या मचानाचं तोंड आपल्या घराकडं काहून? रानडुकरं का आपल्या चुलीतून निंगतेत?"

मायनं वर पाहिलं. हातातली विडी खाली ठेवली, पाण्याचा तांब्या भरला, आणि सरळ शेतात शिरली. मी मागं. मचाणाला गोणपाट लावलं होतं आणि गोणपाटाला एक भोक होतं, त्यातून कॅमेऱ्याचं लांब नळकांडं आमच्या अंगणावर रोखलेलं.

"ओ साहेब," माय खालून ओरडली, "उतरा. पानी प्या."

कटसाहेब शिडीवरून उतरला. दाढीत धानाचं कुसळ अडकलं होतं.

"कवापासून पाहून राहिले?"

"झाले काही दिवस. ताई, रागावू नका. माणसाला कॅमेरा दिसला की तो खोटं वागतो. मला तुमचं खरं जगणं टिपायचं होतं."

"माया घरात पाहाले लपाले कायले लागते? दार उघडंच हाय."

तो तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायला. मी मात्र पेटले होते. मी तेव्हा लग्नाच्या वयाची, आणि त्या दिवसांत मी अंगणात केस धुतले होते, भावाशी भांडले होते, एकदा तर कोंबड्यांसमोर नाचलेही होते. ते सगळं त्या भोकातून गेलं असेल या विचारानं मला स्वतःच्याच अंगणात पाय टाकवेना. अजूनही कुणी गुपचूप पाहतंय असं वाटलं की माझं डोकं फिरतं. मायनं माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "तू कायले मान खाली घालतं, सत्यभामा? लपून थो बसला होता. आपन नाई."

गावात मात्र वेगळाच तमाशा झाला. मचाणातून फोटू घेतात ही बातमी फुटली आणि आमच्या झाडीपट्टीतला, म्हणजे या जंगलमुलखातला, प्रत्येक माणूस जन्मतःच नट. दंडारीच्या नाचगाण्यात नाही तर नाटकात, कुठंतरी प्रत्येकाच्या तोंडाला रंग लागलेला. बाया नव्या लुगड्यात शेण थापायला लागल्या. सासवा सुनांना "बाळे" म्हणायला लागल्या. ज्याला वर्षानुवर्षं खोकला नव्हता असा म्हातारा मचाणाकडं तोंड करून खोकायला लागला, आणि दोन भाऊ बांधाचं भांडण टाळ्या मिळतील अशा बेतानं करायला लागले. कटसाहेब कपाळ धरून बसला. "नॅचरल वागा हो, नॅचरल!" असं ओरडत गल्लीगल्लीत फिरला, तर लोक नॅचरलचीही तालीम करायला लागले. अख्ख्या गावात एकटी माय होती तशी होती. विड्या वळत, बडबड करत.

दिवाळीच्या आधी बोअरची गाडी आली. मचाणाच्या पायथ्याशी भोक पाडायला घेतलं. काळा खडक. बाबा बाजूला उभे राहून पाहत होते. पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, "इथं नाई लागनार. हा तोच दगड हाय. त्याले मी ओळखतो." खडकाची भुकटी उडत राहिली आणि पाणी काही लागलं नाही. पण पंप तर आलेला, फिल्म तर संपवायची. मग कोरड्या भोकावर पंप बसवला. मचाणावर लोखंडी पिंप चढवलं. तिथून एक रबरी नळी मातीखालून पंपाच्या तोटीत नेली. आणि मोहल्ल्यातल्या आम्हा पोरींना सांगितलं, पाइप धुवायचे आहेत, पिंप भरा. आम्ही आमच्याच विहिरीवरून घागरी ओढल्या आणि शिडीनं चढवल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

एक अडचण मात्र राहिली. पंपाच्या मागं आमची विहीर दिसत होती.

"केवळरामजी," कटसाहेब बाबांना म्हणाला, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा जी लावून, "विहिरीचा कठडा पांढरा आहे ना, त्यावरून ऊन कॅमेऱ्यात येतं. आजच्या दिवस तणस टाकून झाकता का? उद्या तणस काढायचं आणि फक्त विहिरीचा सीन. तुम्ही आणि विहीर."

बाबांनी धानाचं तणस, म्हणजे वाळला पेंढा, आणलं. आठ बोटांनी भारे रचले. कठडा झाकला, नावं झाकली. लांबून पाहिलं तर नुसता तणसाचा ढीग. बाबा मात्र खुशीत होते. उद्या होता ना.

मग मायला पंपापुढं उभं केलं. कुणीतरी वर पिंपाची तोटी सोडली, हिरालालशेठनं पंपाचा दांडा हलवला, पाणी भसाभस आलं. मायनं ओंजळ लावली. एक घोट घेतला. आणि अशी हसली, अशी हसली की मी तिला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. डोळे मिटून, मान थोडी हलवत.

"कट! वा, ताई, वा! एकदम नॅचरल!"

"तू हसली काहून, माय?" मी रात्री जेवताना विचारलं.

"सांगीन कवातरी," ती म्हणाली आणि मला आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी तणस काढलं, कठडा पाण्यानं धुतला, सदरा घातला आणि उभे राहिले. जीप पहाटेच गेली होती. कुणी सांगायलाही आलं नव्हतं. बाबा तरीही थोडा वेळ उभे होते, न जाणो परत येतील म्हणून. मग आत येऊन त्यांनी सदरा ट्रंकेत ठेवला. त्या दिवसापासून मायच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं, कारण ती बडबड करायची थांबली.

वर्ष गेलं. कोरड्या पंपाला आम्ही बकऱ्या बांधायचो, त्याचा तेवढा उपयोग होता. पुढच्या दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई भरली. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा, गावोगावचे पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, दिवसा दंडार आणि रात्री नाटक. त्या साली हिरालालशेठनं जाहीर केलं की दंडारीच्या आधी धानगिरणीच्या गोदामात फिल्म दाखवणार. कंपनीचे मोठे साहेब येणार, स्वतः कटसाहेब येणार, आणि फिल्मची नायिका धुरपताबाई हिचा सत्कार होणार. बाबा आधी येत नव्हते. माय म्हणाली, "विहीर आली का नाई, थे तं पाहू. चला." त्यांनी सदरा घातला.

गोदामाच्या खिडक्यांना पोती ठोकून अंधार केला होता. साकोलीचा परसराम आपलं मशीन घेऊन आला होता, मंडईमंडईनं फिल्मा दाखवत फिरणारा माणूस. सानगडीपासूनची पाहुणेमंडळी दाटीवाटीनं बसली. बाबा दारापाशी उभे राहिले.

पडद्यावर आमचा मोहल्ला दिसला आणि भोंग्यातून एका भारदस्त पुरुषाचा आवाज आला. आवाज मोठा गोड, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. माय पांढऱ्या मातीच्या खड्ड्यात हात घालून बसलेली. आवाज म्हणाला, "हेच गढूळ पाणी धुरपताची मुलं पितात." माय काटा धरून कळवळतेय. आवाज म्हणाला, "पिढ्यान्पिढ्यांचा थकवा. ना विहीर, ना आशा. हे लोक नशिबाला दोष देत बसून राहतात." मागं तणसाचा ढीग. मग पंप, भसाभस पाणी, माय पिते आणि हसते. "कंपनीच्या एका पंपानं तिला पहिल्यांदाच गोड पाणी दिलं."

दिवे लागले. टाळ्या पडल्या, पाहुण्यांच्या जास्त. गावची माणसं एकमेकांकडं बघत होती, कुणी हसू दाबत होतं, कुणी मान वळवत होतं. बसून राहतात! मी बाबांकडं पाहिलं. ते आपला उजवा हात डाव्या हातात धरून उभे होते, जणू तो हात कुणी बघू नये. त्या माणसानं आयुष्यात कधी तो हात लपवला नव्हता. मला रडू फुटलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला.

कंपनीच्या साहेबांनी मायच्या हातात नारळ-लुगडं दिलं, आणि कटसाहेबानं माइक पुढं केला. "ताई, दोन शब्द. पंप आल्यावर कसं वाटलं?"

मायनं नारळ-लुगडं खाली खुर्चीवर ठेवलं. माइक धरला. आणि ओरडली, "वन्स मोर!"

हे झाडीतल्या माणसालाच कळेल. आमच्याकडं नाटकाला वन्स मोर आला की नाही म्हणायचं नसतं. मेलेला राजा उठून ओरडणाऱ्याचं नाव विचारतो आणि पुन्हा पहिल्यापासून मरतो. शकुनबाईनं मागून साथ दिली, "वन्स मोर!" मग मोहल्ल्यातल्या पोरींनी. मग ज्यांना काही माहीत नव्हतं त्या पाहुण्यांनीही, सवयीनं. अख्खं गोदाम दणाणलं. हिरालालशेठ पंचक्रोशीतला नाटकांचा पुढारी, वन्स मोर मोडायची त्याची छाती नव्हती. कंपनीचे साहेब तर फुलून गेले, त्यांना वाटलं फिल्म गाजली.

परसरामनं रीळ पुन्हा चढवलं. माय माइकमध्ये म्हणाली, "परसरामभाऊ, थो भोंग्यातला मानूस लय बोलला. त्याचा घसा सुकला असन. त्याले बंद करा, या टायमाले मी बोलतो."

परसरामनं एकदा हिरालालशेठकडं पाहिलं, एकदा मायकडं पाहिलं, आणि भोंग्याची वायर मशीनमधून काढली. माइक तेवढा चालू राहिला.

पडद्यावर खड्डा आला. "हे पेयाचं पानी नाई, बापा. ही घर पोताराची माती हाय. ज्यायच्या घराले भिंती हायेत त्या साऱ्या बाया नेतेत." गोदाम हसलं. काटा आला. "इथं मले बाभूळ रुतली होती. खोट माया नशिबात नाई, पायात हाय." आणखी हसलं. "आनी हा फोटू साहेबानं मचानात लपून घेतला, मले न विचारता." आता हसणं थोडं कमी झालं. मग तणसाचा ढीग आला, आणि मायचा आवाज बदलला.

"हे तणस पाहा. नीट पाहा. याच्याखाली विहीर हाय. माया मालकानं खोदली, मोहल्ल्यातल्या मानसाइनं खोदली. त्यायची दोन बोटं त्या दगडात गेली. साहेब म्हनला आज झाका, उद्या उघडू, तं त्याच हातानं त्यायनं झाकली. वरीस झालं, साहेबाचा उद्या आला नाई."

दारापाशी बाबांच्या शेजारच्या माणसानं टोपी काढली.

"आता पंप आला. ह्या पंपाले एक थेंब पानी नाई. आता आम्ही त्याले बकऱ्या बांधतो, कोनाले पाहाचं असन तं चला. हे पानी मचानावरच्या पिंपातलं, आनी पिंप माया पोरीनं भरलं. आता पाहा, मी पेतो." पडद्यावर मायनं ओंजळ लावली. "आनी हसलो. साहेब म्हने, नॅचरल. मी काहून हसलो, सांगू? नळीतून आना नाई तं सोन्याच्या तोटीतून आना, आपल्या विहिरीचं पानी जिभेले समजते. साहेबानं मले माह्याच विहिरीचं पानी पाजलं! मी मनात म्हनलो, धुरपते, आली. ढीगभर तणसाखालून निंगून आली तुई विहीर फोटूत!"

पडद्यावर माय डोळे मिटून हसत होती, आणि पडद्यापुढं माय हसत नव्हती, तिच्या गालावर पाणी होतं. गोदामात सगळ्यात मागच्या कोपऱ्यातून एक म्हातारी उठली. ही हिरालालशेठचीच आई, गोदावरीबाई. भर सभेत पोराला म्हणाली, "त्या उन्हाळ्यात तू त्याच पान्यावर जगला रे, हिऱ्या. दोर म्या ओढला होता. आता बसतं काय खाली मुंडी घालून?"

मग टाळ्या नाही वाजल्या. लोक उठले आणि चालायला लागले. दंडारीकडं नाही, आमच्या मोहल्ल्याकडं. सानगडीचे पाहुणे, दंडारीतले तोंडाला रंग लावलेले नट, लेकरं, सगळी मंडई विहिरीवर लोटली. ओळीनं उभे राहिले. बादली खाली जायची, वर यायची. कुणी नावं वाचत होतं, कुणी बाबांना हात दाखवायला सांगत होतं, आणि बाबा दाखवत होते. मी आयुष्यात पुष्कळ सत्कार पाहिले, हार पाहिले. त्या ओळीसारखी ओळ पाहिली नाही.

कंपनीचे साहेब जीपमध्ये जाऊन बसले. कटसाहेब मात्र आला. एवढं म्हणायला हवं की आला. ओळीत शेवटी उभा राहिला, नंबर लागला तेव्हा मायला म्हणाला, "ताई, चुकलो. थोडं पाणी द्याल?"

"दोर तिथं हाय," माय म्हणाली. "आपल्या हातानं ओढा."

त्यानं दोर धरला. सवय नव्हती, बादली खडकावर आपटत वर यायला लागली. बाबा पुढं झाले आणि म्हणाले, "साहेब, पाय रोवून उभे राहा. आनी मधातच कट म्हनू नका, बादली सुटन." लोक खो-खो हसले. साहेबही हसला. पाणी प्यायला, तोंड पुसलं, आणि कठड्यावरची नावं बोटानं एकेक करत वाचू लागला.

"आता घ्या फोटू," माय म्हणाली.

साहेबानं दोन्ही हात पसरले. कॅमेरा मुंबईत होता.

बाबांनी ते पाहिलं, पण थांबले नाहीत. सदऱ्याची गळ्याची गुंडी लावली, विहिरीच्या कठड्याला टेकले, उजवा हात सगळ्यांना दिसेल असा नावांवर ठेवला, आणि फोटो निघतो तसे समोर बघत उभे राहिले. आम्ही सगळी माणसं उभी राहून त्यांच्याकडं पाहत होतो.